सुटका हेच यश

ऐरोलीच्या आयटी पार्कमधून रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये पेपर स्प्रेची बाटली असली, तर आता कुणाला नवल वाटत नाही. ठाणे-बेलापूर रस्ता, स्थानकाचा पादचारी पूल, पुढे सेक्टरात सोडणारी शेअर रिक्षा हा तिचा रोजचा परतीचा रस्ता. घरच्यांनी काळजीपोटी बाटली घेऊन दिली, हे योग्यच झालं. पण बाटली आली की काळजी मिटली, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

जवळ काय बाळगावं हे ठरवताना एकच कसोटी लावावी: यामुळे मला निसटता येईल का? हल्लेखोराला धडा शिकवणं हे आपलं काम नाही. आपलं काम घरी सुखरूप पोचणं.

या कसोटीवर चाकू टिकत नाही. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर, जानेवारी 2013 मध्ये शिवसेनेनं मुंबईत महिलांना चाकू वाटले. त्यामागचा संताप खरा होता, उपाय मात्र धोक्याचा. चाकू चालवायचा तर हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, म्हणजे जिथून पळायचं तिथेच थांबावं लागतं. त्याची ताकद जास्त असेल तर तोच चाकू हिसकावला जातो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचे मनाई आदेश लागू असताना चाकूच काय, काठी बाळगणंही अंगाशी येऊ शकतं.

कायदा स्त्रीला वाऱ्यावर सोडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिडहल्ल्याच्या इराद्यानं कुणी अंगावर आलं, तर प्रतिकारात त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. मात्र बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, ही मर्यादा कायम राहते. धोका टळल्यावर केलेला वार बचावात बसत नाही.

पेपर स्प्रे या कसोटीवर उतरतो. तो अंतर राखतो, डोळ्यांची आग करून पळायला वेळ देतो आणि त्याला परवाना लागत नाही. अडचण वेळेची आहे. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं, की चाकूधारी माणूस 21 फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो. तेवढ्या वेळात पर्सची चेन उघडायची, डब्याखालून बाटली काढायची, लॉक सरकवायचं, नोझलचं तोंड कुठे आहे ते अंधारात चाचपायचं, हे होणारं नाही. म्हणून रस्ता सामसूम होण्याआधीच बाटली मुठीत हवी, अंगठा लॉकवर हवा. वारा तोंडावर येत असेल तर फवारा आपल्याच डोळ्यांत जातो. बंद कॅबमध्ये तो सगळ्यांनाच भोवतो. एक बाटली गच्चीवर सरावासाठीच रिकामी करावी: फवारायचं, बाजूला सरकायचं, ओरडायचं, पळायचं. बाटलीवरची मुदतही पाहत जावी.

तरीही बाटली सगळीकडे कामाची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नोंदवलेल्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, टीम लीडर यांच्यावर स्प्रे रोखायला हात धजत नाही. तिथे आधी संकोच मोडावा लागतो. कॅनडातल्या तीन विद्यापीठांतला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखणं, ठणकावून नकार देणं आणि शरीरानं प्रतिकार करणं, असं बारा तासांचं प्रशिक्षण विद्यार्थिनींना दिलं गेलं. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात 9.8 टक्के, तर प्रशिक्षित गटात 5.2 टक्के होतं. हा फरक सरावानं पडला, शस्त्रानं नव्हे.

असा सराव एकटीनं होत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची व घरी पोचवण्याची सोय हवी. कंपन्यांनी त्या जबाबदारीत या बारा तासांचीही भर घालावी. सोसायट्यांनी आपले हॉल त्यासाठी खुले करावेत. घरच्यांनी मुलीला बाटलीबरोबर एक शब्दही द्यावा: ओळखीच्या माणसावर आवाज चढवलास, तरी आम्ही तुझ्याच बाजूनं उभे राहू. हा भरवसा असेल, तरच ती वेळेवर ओरडेल.