विश्वासानें अधिक तें काय केलें?

खेडोपाडींच्या मंडळ्यांत हिंडतांना आम्हांस एक प्रश्न पुष्कळदां ऐकूं येतो, आणि तो टाळण्याजोगा नाहीं. विचारणारे म्हणतात, "पाळकसाहेब, आमचा शेजारी ख्रिस्ती नाहीं, तरी तो खोटें वजन ठेवीत नाहीं, मजुरांचे पैसे बुडवीत नाहीं, आजाऱ्याच्या औषधपाण्याला धांवून जातो. उलट आमच्यांतला एखादा रविवारीं उपासनेंत पुढें बसतो, आणि सोमवारीं कापसावर पाणी मारून तो काट्यावर चढवितो. मग विश्वासानें अधिक तें काय केलें?"

शेजाऱ्याचा प्रामाणिकपणा नाकारून ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं. जेथें जेथें चांगुलपण आहे तेथें तें देवापासूनच आलें आहे, असें मानिल्यानें आमच्या विश्वासास कमीपणा येत नाहीं. कमीपणा येतो तो आमच्या ओल्या कापसानें.

कृत्यांनीं तारण मिळत नाहीं, तें कृपेचें दान आहे, हें आपण सर्व शिकलों आहों. ह्याच सत्याच्या कैवारानें मार्टिन लूथरनें १५२२ सालीं नव्या कराराच्या प्रस्तावनेंत याकोबाच्या पत्रास पेंढ्याइतकें हलकें लेखिलें. परंतु त्याच सालच्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेंत, खरा विश्वास कधीं रिकामा बसत नाहीं, असाहि आशय त्यानेंच मांडिला. विहिरीला पाणी लागलें म्हणजे तें पाटांत दिसतें. पाटानें विहीर भरत नाहीं हें खरें; तरी पाट बाराहि महिने कोरडा राहिला तर विहिरीविषयीं शंका घेणें रास्त आहे.

आतां जक्कयाकडे पाहूं. जो मनुष्य आपली लबाडी कबूल करितो त्यानें मूळ रक्कम व तिचा पांचवा हिस्सा भरून द्यावा, असें मोशेचें नियमशास्त्र सांगतें. म्हणजे शंभर रुपये लुबाडिले असतील तर एकशें वीस. जक्कयानें चौपट, म्हणजे चारशें, देण्याचें कबूल केलें, आणि शिवाय अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस देऊं केली. प्रभूनें हें त्याच्याजवळ मागितलें, असें लूक कोठें लिहीत नाहीं. प्रभु त्याच्या घरीं पाहुणा आला, एवढ्यावरूनच त्याच्या घरचा हिशेब फिरला. सज्जन मनुष्य जें देणें लागतो तें देतो, आणि तें थोडें नव्हे. ज्यास फुकट क्षमा मिळाली आहे तो मात्र कोणी दारीं येण्याची वाट न पाहतां, मागें आपण कोणाचें बुडविलें, हें शोधीत निघतो.

दुसरी परीक्षा पंगतीची आहे. अंत्युखियांत पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवीत असे. पण याकोबाकडील माणसें येतांच तो लोकभयानें मागें सरला. त्याची शिकवण बदलली नव्हती, केवळ बसण्याची जागा बदलली होती. तेवढ्यावरून पौलानें त्यास सर्वांसमक्ष दोष दिला, कारण त्या एका जेवणांत सुवार्तेचें सत्यच पणास लागलें होतें. आपण प्रभुभोजनाची भाकर एकत्र खातों. परंतु सोयरीक जुळवितांना, लग्नाच्या पंगतींत किंवा पाण्याच्या तांब्यापाशीं पूर्वीची जात आठवत असेल, तर पौलाचे शब्द आपल्याकरितांहि आहेत.

ह्याच्या उलट वागणुकीचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पंडिता रमाबाई ब्राह्मण कुळांत जन्मल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुली व विधवा गोळा केल्या आणि त्यांस केडगांवीं आश्रय दिला. त्या मुलींस खाऊंपिऊं घालावयाचें, न्हाऊं घालावयाचें, अक्षरओळख व काम शिकवावयाचें. ह्यांतलें एकहि काम व्यासपीठावरचें नव्हतें, आणि मुलींपाशीं परत देण्याजोगें कांहींच नव्हतें.

तेव्हां शेजाऱ्याशीं तुलना करून वरील प्रश्न सुटावयाचा नाहीं. जक्कयाचें माप त्याच्या कालच्या वहीवरून घ्यावें लागतें, व आपलेंहि तसेंच. उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, येत्या आठवड्यांत उपदेश तयार करण्यापूर्वीं त्यांनीं आपली वही उघडावी. कोणाची मजुरी राहिली असल्यास ती सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, असें अनुवादाचें पुस्तक सांगतें. जुनें उसनें आठवल्यास तें मागणाऱ्याच्या आधीं पोंहचवावें. ज्याला आजवर घरांत बोलाविलें नाहीं त्यास एक वेळ जेवावयास बोलवावें. मग शेजारी विचारील, "हें कसें झालें?" त्या वेळीं प्रभूचें नांव घेण्यास आपणांस संकोच वाटणार नाहीं.