सांध्याचा दोष कोणाचा?

वडिलांचा पाइप परवा जुन्या पेटीत सापडला. (धूम्रपानाचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही, ते व्यसन वडिलांनाही भोवले.) ब्रायरची वाटी शाबूत, पण एबोनाइटची काळी नळी दांड्याच्या भोकात बसणाऱ्या कुसवापाशी मोडलेली. 'गरम असतानाच ओढली, चूक माझीच,' असे वडील म्हणत. आम्हीही ते मान्य केले होते.

पुढे अशा पाइपांची घडण समजून घेतली, तेव्हा मत डळमळले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका झुडपाच्या बुडाची गाठ. एबोनाइट म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर. ओढताना सांधा तापतो, ओलावा धरतो आणि कुसू आवळले जाते. तेव्हा नळी हिसडली की कुसू तुटते, नाहीतर दांड्याला चीर जाते. पाइप पूर्ण निवल्यावर नळी हळूच पिळून काढावी, हा वापरणाऱ्याचा धर्म खराच. पण कारागिराचा? कुसू नळीच्या खांद्याला मिळते तेथे काटकोनी कोपरा ठेवला, तर सारा ताण त्याच रेषेवर येतो. किंचित गोलाई ठेवली आणि तिच्यासाठी भोकाच्या तोंडाची कड मारली, तर तो वाटला जातो. कुसू भोकाच्या खोलीपेक्षा केसभर आखूड हवे. अन्यथा ते तळाला टेकते, खांदा लाकडाला भिडत नाही आणि सगळा भार एकट्या कुसवावर पडतो. यांतले काहीच दुकानात गिऱ्हाइकाला दिसत नाही. दांड्याला धातूची टोपी आणि निमुळती नळी असलेला 'आर्मी' घाटाचा सांधा तर गरम असतानाही सोडवता येतो. म्हणजे माणसाची घाई कारागिरांना अपरिचित नाही.

नोकरीत असताना आम्ही अनेक अहवालांवर 'वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा' असा शेरा मारला. एका खेड्यात हातपंपाच्या दांड्याची खीळ तुटून एका मुलाचे बोट गेले. 'मुले दांड्याला लोंबकळतात' असे कारण नोंदवून आम्ही फाईल बंद केली. शेरा खोटा नव्हता. परंतु मुले लोंबकळणारच, हे खीळ निवडणाऱ्यास ठाऊक नव्हते काय? मुद्दाम भिंतीवर आपटून पाइप फोडला, तर कारागिराला कोणी दोष देणार नाही. जे रोज घडते, त्याचे तसे नाही.

नळीला डेलरिनचे नवे कुसू बसवून घ्यावे म्हणून इंदुरातल्या एका खराद्याकडे गेलो. लांबी भोकापेक्षा थोडी कमी ठेवा, असे सांगितले. तो हसला, 'बाबूजी, अंदर का कौन देखता है?' आम्ही माप कागदावर लिहून दिले.