वैशाखातला रांजण

अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेला माठ दान द्यायची रीत जुनी आहे. उदककुंभ म्हणतात त्याला. पितरांच्या नावाने दिलेले हे पाणी उतरते मात्र जिवंत माणसाच्या घशाखाली, आणि या प्रथेतले खरे शहाणपण तेच. विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा एस.टी. स्टँडबाहेरच्या पाणपोईवर थांबलेल्याला हे पाणी कोणाच्या पुण्यासाठी ठेवलेय, याच्याशी काय देणेघेणे?

पुण्यासाठी केलेली दया निर्मळ नसते, हा आक्षेप नेहमीचा. तो अगदीच खोटा नाही. पण पाणपोई चालवणे म्हणजे काय, ते जरा जवळून पाहायला हवे. रांजण वाळूत रोवायचा, भोवती गोणपाट गुंडाळायचे, पाण्यात वाळ्याची जुडी सोडायची. एवढे पहिल्या दिवशी कोणीही करतो. पुढे रोज सकाळी उरलेले पाणी उपसायचे, तळाचा गाळ काढायचा, शेवाळ धरू नये म्हणून आतून घासायचे, भर दुपारी पुन्हा भरायचे, गोणपाट वाळू द्यायचे नाही. मृगाच्या सरी येईपर्यंत हे चालते. नारळ फोडून, फ्लेक्स लावून सुरू झालेल्या कितीतरी पाणपोया पंधरवड्यात कोरड्या पडतात. जिथे श्रद्धा मुरलेली असते, तिथे कोणी पाहत नसतानाही रांजण भरला जातो. पुण्याचा लोभ म्हणून त्याला कोणी नाव ठेवले, तरी वाटसरूची तहान भागलेली असते.

मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी हाच धर्म दगडात बांधला. मशीद बंदरजवळच्या भात बाजारातले केशवजी नाईक कारंजे १८७६ सालचे. मोहरममध्ये करबलाच्या तहानलेल्यांची आठवण म्हणून सबिली लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत मिळते. आणि एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

ती कथा सांगणाऱ्याच समाजाने माणसांना पाणी नाकारले. हे झाकून दयेचे गोडवे गाता येणार नाहीत. गाढवाच्या तहानेवर डोळे पाणावणारा श्रोता घरी जाऊन विटाळ पाळत होता, ओंजळीत वरून धार सोडत होता. अशा काळात, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एका घरचा एक हौद, बस. त्याने शहराची तहान भागणार नव्हती. पण हौदावर कोण येऊ शकतो, हे ठरवण्याचा रूढीचा हक्क त्या अंगणापुरता संपला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तिथले पाणी प्यायले, तेव्हा सत्याग्रहींना मार खावा लागला, आणि तळे ‘शुद्ध’ करून घेतले गेले. त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

म्हणून पाणपोईवरचा साखळीला बांधलेला पेला फार महत्त्वाचा. तो सगळ्यांच्या हातून फिरतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र कामवाल्या मावशींचा कप अजून कुठेकुठे खिडकीत वेगळा उपडा ठेवलेला असतो, आणि मे महिन्यात चार जिने चढून पार्सल आणणाऱ्या मुलाला ‘पाणी घेणार का?’ हे विचारायचे राहून जाते. अक्षय्यतृतीयेचा माठ त्याच घरातून देवळात पोचता झालेला असतो.