वाचलेल्या माणसाने तक्रार करावी का?

‘जीव वाचला ना, मग बाकीचं काय एवढं!’ गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे उपचार संपून मला सात वर्षं झाली. या काळात हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं. म्हणणारे प्रेमानेच म्हणतात, आणि मीही मान डोलवत आले.

‘बाकीचं’ म्हणजे काय, ते सांगते. पाच आठवडे ओटीपोटावर बाहेरून रेडिएशन, सोबत दर आठवड्याला केमो, मग आतून ब्रॅकीथेरपी. गाठ गेली. पण मूत्राशय आणि गुदाशय गर्भाशयाला खेटूनच असतात, त्यांनाही किरणांची झळ लागते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, लवचीक भिंती ताठर होतात. म्हणून हा त्रास उपचारानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही सुरू होतो. माझा दीड वर्षाने सुरू झाला. शौचाची घाई अशी, की मिनिटभर धीर नाही. लघवीचंही तेच. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं, म्हणून ठाण्याहून दादरला जायचं असेल त्या दिवशी मी सकाळचा चहा घेत नाही. पिशवीत कपड्यांचा जादा जोड असतोच.

पण माझा प्रश्न त्रासाचा नाही, त्याबद्दल बोलण्याचा आहे. ज्या उपचाराने जीव वाचवला, त्याबद्दल तक्रार करणं ही कृतघ्नता आहे का?

चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींना हाच आजार निघाला. रेडिएशन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘नंतर काही त्रास राहतो का हो?’ मी म्हटलं, ‘छे, काही नाही. माझ्याकडे बघा ना!’ त्या घाबरून उपचार सोडतील ही भीती खरी होती. पण लाजही होती, आणि ती मी दयेखाली झाकली.

दोन वर्षांनी त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागलं. आजार उलटला असं समजून त्यांनी पाच महिने कुणालाच सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. ‘तुम्हाला काही झालं नव्हतं, म्हणून वाटलं, माझंच संपलं.’ तपासणीत कॅन्सर नव्हता. तो रेडिएशनचा परिणाम होता आणि त्यावर इलाज होता. ते पाच महिने त्या मरणाची वाट बघत जगल्या. त्याला माझं ते एक वाक्य कारण होतं.

ऋण फेडायचं म्हणजे गप्प बसायचं, असं आपल्या परंपरेतही नाही. ऋषिऋण फेडतात ते मिळालेलं ज्ञान पुढे देऊन. माझ्या शरीराने जे ज्ञान मिळवलं ते ओंगळ आहे, म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही. उपचाराला दोष देणं वेगळं आणि उपचाराची पूर्ण हकिगत सांगणं वेगळं. मी इतकी वर्षं या दोन्हींची गल्लत करत होते.

आता कुणी विचारलं तर मी दोन वाक्यं सांगते, आणि दोन्ही एकत्रच. उपचार घ्याच, मी त्यामुळेच आहे. आणि नंतर त्रास होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही, पण झाला तर लपवू नका, रक्त दिसलं तर लगेच दाखवा. मीही उशिरा का होईना, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलले. औषधं, खाण्यातले बदल आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम यांनी त्रास गेला नाही, पण आटोक्यात आला.

वहिनींची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या जागी मीही तेच सांगितलं असतं.’ त्यांनी मला माफ केलं. पण रात्री त्या वाक्याने झोप लागली नाही.