पायांची वारी, मनाची वारी

ज्येष्ठ वद्य पक्षात माउलींच्या पादुका आळंदीहून प्रस्थान ठेवतात. पुढची सुमारे २५० किलोमीटरची वाट वारकरी ऊन-पाऊस अंगावर घेत चालतो. परंतु ज्यांचे पाय थकले, ज्यांना अंथरूण सोडवत नाही, त्यांची वारी चुकली असे म्हणावे काय?

अरणचे संत सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, असे वारकरी परंपरा सांगते. मोट, खुरपे आणि पाण्याचा पाट यांतच त्यांना विठ्ठल दिसला. अखेर देवच त्यांच्या भेटीस आला. आजही पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. अर्थात, अंगी बळ असून घरी बसणाऱ्याने महाराजांचा दाखला देऊ नये! त्यांचा मळा हे कष्टाचे स्थान होते.

सन २०२० मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या घरांतून तेव्हा देवघरापुढेच मुक्काम पडू लागले: आज दिवे घाट, उद्या जेजुरी, मग नीरास्नान. मनाने वाखरी गाठली की वृद्धांचे डोळे वाहू लागत. ते अश्रू मात्र कल्पनेतले नव्हते.