निळी पडलेली धार

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, येथे केळीच्या बागा पुष्कळ. घड उतरविण्यास व पाने छाटण्यास धारेचे हत्यार लागतेच. वाचकहो, सुऱ्या घडविण्यास नवा बसलेल्या मनुष्याविषयी एक प्रश्न आपणांपुढे ठेवितो.

पोलादास पाणी दिल्यावर तो पाते विजेच्या चाकावर घासतो. उतावीळपणे दाब दिला व वारंवार पाण्यात बुडविले नाही, तर पातळ धार प्रथम पिवळसर आणि सुमारे ३०० अंश सेंटिग्रेडवर निळी होते. तेथील पाणी उतरले, पोलाद मऊ झाले! पॉलिशच्या कागदाने निळेपणा घटकेत जातो, मऊपणा राहतो. ही सुरी त्याने मुकाट्याने विकिली, तर तो खोटे बोलला काय? कोणी म्हणेल, तो बोललाच कोठे? परंतु चकचकीत पाते पुढे करणे हेही बोलणेच होय. धार वाकली म्हणजे घेणारी मजूर बाई आपल्याच हातास दोष देईल. धार जाळणे हा अपराध नव्हे. शिकताना ती सर्वांचीच जळते. डाग पुसून किंमत पुरी घेणे, येथे मात्र मला क्षमा सुचत नाही.

त्याने निळा भाग पुरता घासून काढावा, बोटास चटका लागताच पाते पाण्यात बुडवावे. सुरी अरुंद होईल, दोन पैसे कमी येतील; ते त्या बाईस सांगूनच द्यावी.