भिंत सरकती, कडी पक्की

बेघरांसाठीच्या इमारती ‘लवचिक’ असाव्यात, असं आता अनेक वास्तुरचनाकार म्हणतात. म्हणणं रास्त आहे. पण लवचिकता दुधारी असते. जी भिंत राहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे सरकते, ती व्यवस्थापकाच्या मर्जीनंही सरकते. म्हणून आधी विचारायला हवं : वाकायचं कुणी, इमारतीनं की माणसानं?

आपल्याकडे हिशेब चौरस फुटांत होतो. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत नऊ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. केंद्राच्या नागरी निवारा योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती. निकष हवाच. पण रात्रपाळी करून आलेल्याला दुपारी झोपता येईल का, नवरा-बायकोला एकत्र राहता येईल का, हातगाडी कुठं लावायची, हे चौरस फुटांतून कळत नाही. १९८५च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. माणूस फुटपाथवर झोपतो तो कामाच्या जवळ राहता यावं म्हणूनही. कामापासून दूर नेणारं छप्पर त्याला परवडत नाही.

मुंबईला हे पूर्वीच उमगलं होतं. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ होते. जहाज मिळेपर्यंत खलाशी तिथं थोडक्या पैशांत राहायचा. एकच मोठी खोली, रात्री अंथरुणं, संध्याकाळी देव्हाऱ्यापुढं प्रार्थना. सगळं सामाईक, पण भिंतीलगतची ट्रंक ज्याची त्याची. तो समुद्रावर असला तरी ती ट्रंक म्हणजे शहरातला त्याचा पत्ता. फक्त आत शिरायला त्या गावचं असावं लागे. आपलेपणाची ती किंमत होती.

ती अट काढूनही आपलेपणा टिकेल का? व्हिएन्नातल्या ‘विन्झीरास्ट-मिटेनड्रिन’नं २०१३पासून तो प्रयत्न चालवला आहे. २००९च्या विद्यार्थी आंदोलनात विद्यापीठाच्या व्याख्यानगृहात बेघर माणसंही राहायला आली. त्या सहवासातून ही कल्पना निघाली. जुन्या इमारतीत विद्यार्थी आणि पूर्वी बेघर असलेली माणसं शेजारी राहतात. खोली स्वतःची, स्वयंपाकघर वाटून घेतलेलं, तळमजल्यावर सगळ्या शहराला खुलं उपाहारगृह.

यावर आक्षेप येईल : आधी सर्वांना छप्पर द्या, कुलूप-कड्यांचं नंतर बघू. आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पावसात भिजणाऱ्याला वाट पाहायला सांगणं क्रूरपणाचं आहे. पण हे ‘नंतर’ गरिबांच्या बाबतीत फार लांबतं, आणि तात्पुरती सोयच कायमची होऊन बसते. शिवाय कडीला, ट्रंकेला खर्च किती?

दालनं, वेळा, खाटांची मांडणी, सगळं बदलतं ठेवावं. दोन गोष्टी मात्र पक्क्या हव्यात : आतून लागणारी कडी आणि परत आल्यावर जागच्या जागी सापडणारी ट्रंक. तेवढ्यानं घर होत नाही. पण तेवढंही नसेल, तर त्या इमारतीत माणूस राहत नाही. त्याला तिथं फक्त ठेवलेलं असतं.